संदर्भ कसा द्यावा? : एका वैद्यकीय लेखाच्या निमित्ताने

‘संदर्भासहित स्पष्टीकरण’ हा प्रश्न शाळेपासून आपल्या पाठीमागे लागलेला असतो. कोण म्हणाले, कोणाला म्हणाले, केव्हा म्हणाले, एवढे लिहिले की गुण पदरात पडतात. ‘संदर्भ’ या शब्दाशी माझी ओळख बरीच वर्षे एवढीच होती. पुढे एम. ए. ला आल्यावर तळटिपा आणि संदर्भग्रंथांची यादी आली. ती यादी मी निबंध देण्याच्या आदल्या रात्री, टेबलावर जी पुस्तके असतील त्यांची पहिली पाने उलटून, तयार करीत असे. त्यातली काही पुस्तके मी उघडलेलीही नसत. आपल्यापैकी अनेकांनी असे केले असेल, म्हणून हे कबूल करताना फारसा संकोच वाटत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मात्र या विषयाचा धडा मला घरातच मिळाला, आणि तोही वैद्यकशास्त्राकडून. आमच्या वहिनी लातूरला बालरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत आहेत. विंचू चावून रुग्णालयात आलेल्या मुलांवर त्यांनी एक लेख लिहून एका वैद्यकीय नियतकालिकाकडे पाठविला होता. तो परत आला होता. सोबतच्या पत्रात रोगाबद्दल, उपचाराबद्दल एक शब्दही नव्हता. संदर्भ नियमाप्रमाणे दिलेले नाहीत, दुरुस्त करून पुन्हा पाठवावेत, एवढेच.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी वहिनींनी ते कागद माझ्यापुढे ठेवले. म्हणाल्या, “भाऊजी, दोन वर्षे रात्री-अपरात्री उठून नोंदी केल्या, आणि लेख परत आला तो स्वल्पविरामावरून! तुम्ही मराठीवाले ऱ्हस्व-दीर्घावरून जगाला छळता. आता तुम्हीच बघा.”

मी बघायला बसलो. चार दिवस लागले. त्या चार दिवसांत जे समजले ते आपल्या महाविद्यालयातील मित्रांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

व्हँकूवरची पद्धत

१९७८ साली कॅनडातील व्हँकूवर शहरी इंग्रजीतील काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक एकत्र आले. तोपर्यंत प्रत्येक नियतकालिकाचा रिवाज वेगळा होता. एकाने नाकारलेला लेख दुसऱ्याकडे पाठवायचा तर संदर्भांची सगळी यादी नव्या रिवाजाप्रमाणे पुन्हा टंकलिखित करावी लागे. या संपादकांनी हस्तलिखिताचे एकच रूप ठरविले आणि १९७९ मध्ये ते प्रसिद्ध केले. संदर्भ लिहिण्याचा साचा अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने तयार केला होता. पुढे या मंडळींची आंतरराष्ट्रीय समिती झाली. तिच्या शिफारशी आजही वेळोवेळी सुधारून निघतात. त्या पहिल्या बैठकीच्या गावावरून या पद्धतीला ‘व्हँकूवर पद्धत’ म्हणतात.

आपण कला शाखेचे विद्यार्थी पुष्कळदा कंसात लेखकाचे आडनाव व साल लिहितो आणि शेवटी वर्णानुक्रमे यादी देतो. ही हार्वर्ड पद्धत. तिचा आरंभ हार्वर्डमधील एडवर्ड मार्क या प्राणिशास्त्रज्ञाच्या १८८१ च्या एका निबंधापासून धरतात. म्हणजे जिला मी कला शाखेची पद्धत समजत होतो तीही मुळात विज्ञानाच्याच घरची निघाली.

व्हँकूवर पद्धतीत मजकुरात नाव येत नाही, फक्त आकडा येतो. जो आधार मजकुरात सर्वांत आधी येईल तो १, त्यानंतरचा २, याप्रमाणे. एकदा दिलेला आकडा त्या आधाराला कायमचा चिकटतो. तोच आधार पुढे दहा वेळा आला तरी आकडा तोच. शेवटची यादीही वर्णानुक्रमे नसून याच आकड्यांच्या क्रमाने असते.

यादीतील प्रत्येक नोंदीचा क्रम ठरलेला आहे. आधी लेखकाचे आडनाव, मग आद्याक्षरे. आडनावानंतर स्वल्पविराम नाही, आद्याक्षरांमध्ये पूर्णविराम नाही. दोन लेखकांमध्ये स्वल्पविराम, शेवटच्या लेखकानंतर पूर्णविराम. मग लेखाचे शीर्षक आणि पूर्णविराम, नियतकालिकाचे संक्षिप्त नाव आणि पूर्णविराम. त्यानंतर साल, अर्धविराम, खंड, हवा तर कंसात अंक, अपूर्णविराम आणि पाने. वहिनींच्या यादीतील एक नोंद देवनागरीत लिहून दाखवितो:

बावस्कर एचएस, बावस्कर पीएच. प्राझोसीन इन मॅनेजमेंट ऑफ कार्डिओव्हॅस्क्युलर मॅनिफेस्टेशन्स ऑफ स्कॉर्पिअन स्टिंग. लॅन्सेट. १९८६;१:५१०-१.

शेवटच्या ‘१’ चा अर्थ पान ५११. जे आकडे बदलत नाहीत ते पुन्हा लिहीत नाहीत.

लेखक सहापर्यंत असतील तर सर्वांची नावे द्यायची. सातवा आला की पहिल्या सहांनंतर ‘आणि इतर’ या अर्थाचा लॅटिन संक्षेप. गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांचा ग्रामीण स्त्रियांच्या आजारांवरील लेख १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी त्यामागे होती. त्याचे लेखक बरोबर सहा आहेत, म्हणून सहाही नावे छापली जातात. सहकाऱ्यांची नावे ‘आणि इतर’मध्ये बुडत नाहीत. काही नियतकालिके मात्र तीनच नावे घेतात. म्हणून लेख पाठविण्यापूर्वी त्या त्या नियतकालिकाच्या लेखकांसाठीच्या सूचना वाचणे हे पहिले काम. ते आम्ही शेवटी केले, आणि एक दिवस वाया घालविला.

नियतकालिकांच्या संक्षिप्त नावांतही मनमानी चालत नाही. ‘इंडियन पेडियाट्रिक्स’चे ‘इंडियन पेडियाट्र’ होते, पण ‘लॅन्सेट’ एकाच शब्दाचे असल्यामुळे तसेच राहते. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली सुरू केलेल्या ‘इंडेक्स मेडिकस’ या सूचीने ही संक्षिप्त रूपे रूढ केली. ती छापील सूची २००४ साली बंद झाली. आज ‘पबमेड’ या मोफत संगणकीय सूचीत ती रूपे पाहायला मिळतात.

एकाच लेखाचे दोन पत्ते

वर दिलेले बावस्कर म्हणजे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर. ते मूळचे आपल्याच मराठवाड्यातील, जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत, तेथे प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करताना त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. १९८२ साली विंचूदंशातील हृदयविकाराच्या पूर्वलक्षणांवर त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. १९८६ साली प्राझोसीन या रक्तदाबावरील औषधाच्या उपयोगावर दुसरा आला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचूदंशावर लिहिणाऱ्या कोणालाही त्यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही.

त्यांचा १९८२ चा लेख वहिनींच्या यादीत ‘१९८२;१:५५२-४’ असा होता. संगणकावर तोच लेख ‘१९८२;३१९:५५२-४’ असा सापडला. मला वाटले, चूक सापडली! पण चूक नव्हती. त्या काळी ‘लॅन्सेट’चे दर वर्षी दोन खंड निघत आणि प्रत्येक वर्षी पुन्हा १ पासून मोजणी होत असे. सलग क्रमांक १९९० पासून छापू लागले आणि मागच्या खंडांनाही ते हिशेबाने लावले गेले. त्यामुळे १९८२ चा पहिला खंड ३१९ वा ठरतो आणि १९८६ चा पहिला खंड ३२७ वा.

हे पाहून मला ज्ञानेश्वरीची आठवण झाली. निरनिराळ्या प्रतींत ओव्यांची संख्या कमीजास्त असल्यामुळे नुसता ओवीचा क्रमांक दिला तर वाचक भलत्याच ओवीवर जाऊन पोचतो. राजवाड्यांची प्रत की साखऱ्यांची, हे सांगावे लागते. दोन्हीकडे गोष्ट एकच. ज्या प्रतीतून आपण घेतले, तिचेच आकडे द्यावेत आणि सबंध लेखात एकच रीत पाळावी.

अलीकडच्या लेखांना कधी कधी पानेच नसतात. डॉ. बावस्करांचाच विंचूदंशावरील प्रतिविषाचा २०११ चा लेख ‘बीएमजे’मध्ये ३४२ व्या खंडात ‘सी७१३६’ या क्रमांकाने आहे. तेथे पानाऐवजी तो क्रमांकच लिहायचा.

सातवा क्रमांक

आता खऱ्या चुकांकडे येतो.

वहिनींच्या हस्तलिखितात एक वाक्य होते. त्याचा आशय असा की, प्राझोसीन वापरात आल्यापासून विंचूदंशाचे मृत्यू शेकडा पंचवीस-तीसवरून एकाच्या आसपास आले. त्यापुढे आकडा होता ७. यादीत ७ पाहिला, तर तो १९८२ चा लेख. त्याच्या शीर्षकात लक्षणे आहेत, प्राझोसीन नाही. मी विचारले, “वहिनी, औषधाच्या वाक्याला लक्षणांचा लेख कसा?”

कारण शोधले ते असे निघाले. मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून वहिनींनी मजकुरात मध्येच एक परिच्छेद वाढविला होता आणि त्याचा आधार यादीत सहाव्या जागी घातला होता. यादी एकेक घर खाली सरकली. मजकुरातले आकडे मात्र जागच्या जागी राहिले. १९८६ चा लेख सातवरून आठवर गेला आणि सातवर १९८२ चा येऊन बसला. पुढचे सर्वच आकडे असे शेजाऱ्याच्या दारावर टकटक करीत होते.

यावर उपाय सोपा आहे. लेख लिहीत असताना आकडे घालूच नयेत. कंसात आडनाव व साल लिहावे आणि मजकूर पक्का झाल्यावर अगदी शेवटी एकदाच आकडे द्यावेत. किंवा ‘झोटेरो’सारखी मोफत संगणकप्रणाली वापरावी, मध्ये नवा आधार घातला की ती सर्व आकडे आपोआप बदलते. मात्र तिच्यात नोंद चुकीची भरली तर ती चूक अगदी सुबकपणे छापते, हेही ध्यानात ठेवावे.

आम्ही ७ चा ८ केला. वहिनी म्हणाल्या, “झालं.” पण मला एक शंका आली. मला वैद्यक कळत नाही, साल कळते. औषध आल्यानंतर मृत्यू एवढे कमी झाले, हे सांगायला पुष्कळ वर्षांचा हिशेब हाताशी हवा. तो १९८६ च्या दोन पानांच्या लेखात कसा असेल? मी म्हणालो, “वहिनी, तुम्ही हा लेख वाचला आहे ना?”

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “दुसऱ्या एका लेखात या वाक्याला हाच आधार दिला होता, भाऊजी. तेथून घेतला.”

तो आकडा डॉ. बावस्करांच्या नंतरच्या लेखनात येतो. १९८४ पूर्वीचा काळ आणि नंतरचा काळ अशी तुलना त्यांनी तेथे केली आहे. कोणीतरी तो आकडा घेतला आणि त्याला जुन्या, प्रसिद्ध लेखाचा आधार जोडला. पुढच्याने तो तसाच उचलला. त्याच्यामागून आमच्या वहिनी. वाक्य खरे होते, माणूसही तोच होता, पण त्या पत्त्यावर ती गोष्ट राहत नव्हती. रात्री अकरा वाजता आम्ही दोन्ही लेख मिळवून वाचले आणि त्या वाक्याला त्याचा खरा आधार दिला. मग वहिनींनी बाकीचे सर्व आधार एकेक करून उघडले. वाचायला न मिळालेले तीन त्यांनी काढून टाकले, आणि त्यांच्यावर उभी असलेली वाक्येही.

पाच वाक्यांचे पत्र

एका आकड्याने असे काय बिघडते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर देणारे एक उदाहरण जगाने पाहिले आहे.

जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेतील ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामक औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी चौघांनाच व्यसन लागल्याची नोंद आढळली, असे त्यात म्हटले होते. घरी जाऊन महिनोन् महिने हे औषध घेणाऱ्यांबद्दल त्यात काहीही नव्हते. पुढे मात्र ‘या औषधांचे व्यसन क्वचितच लागते’ या विधानाला आधार म्हणून ते पत्र लेखामागून लेखात दिले जाऊ लागले. अमेरिकेत ही औषधे सढळ हाताने लिहून दिली गेली आणि व्यसनाने व अतिसेवनाने फार मोठ्या संख्येने माणसे मेली. त्याला कारणे अनेक आहेत. पण या पत्राचा गैरवापर त्यांपैकी एक मानला जातो. २०१७ साली त्याच नियतकालिकात याची मोजदाद प्रसिद्ध झाली. ६०८ ठिकाणी ते पत्र उद्धृत झाले होते. त्यांपैकी ४३९ ठिकाणी ते व्यसन क्वचित लागते याचा पुरावा म्हणून आले होते, आणि ४९१ ठिकाणी ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते याचा उल्लेखच नव्हता.

या सर्वांचे स्वल्पविराम आणि अर्धविराम बरोबर असतील, खंड आणि पानही बरोबर असेल. पाच वाक्ये वाचण्याचे कष्ट मात्र अनेकांनी घेतले नसावेत. आज तर संगणकाला प्रश्न विचारला की तो कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या लेखाचे नाव, साल, खंड आणि पान अगदी नियमानुसार मांडून देतो. नुसत्या मांडणीवर विसंबून राहणाऱ्याला तो खोटा आहे हे कळणार कसे?

नावांची गोष्ट

शेवटच्या दिवशी वहिनींचे स्वतःचे नाव कसे छापायचे हा प्रश्न निघाला. विद्यार्थिदशेतील त्यांचा एक लेख माहेरच्या आडनावाने छापलेला आहे. आता सासरचे आडनाव लिहिले तर सूचीत त्या दोन निरनिराळ्या बाया ठरतील. २०१२ पासून संशोधकाला आयुष्यभरासाठी एकच क्रमांक देणारी ‘ऑर्किड’ नावाची सोय झाली आहे. तो क्रमांक त्यांनी घेतला. पण छापील नाव? आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “जे नाव पदवीच्या कागदावर आहे तेच लिही. अभ्यास त्या नावानं केलास ना?” प्रश्न मिटला.

सरावासाठी वहिनींनी मला आणखी एक लेख दिला होता. शरण, चौधरी, कवठेकर आणि सक्सेना या चौघांचा, १९९६ च्या ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिॲट्री’तला, खंड १५३, पाने ५५६ ते ५५८. शीर्षकाचा अर्थ एवढाच की, एका तीव्र भूकंपातून वाचलेल्यांच्या मानसिक विकारांचा प्राथमिक अहवाल. नोंद बिनचूक लिहून झाल्यावर वहिनी म्हणाल्या, “हा आपला किल्लारीचा भूकंप, भाऊजी.” ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती विसर्जनानंतरची. आमच्या आईला ती आजही आठवते. त्या शीर्षकात लातूर नाही, किल्लारी नाही, मराठवाडाही नाही. नावावरून शोधणाऱ्याला तो लेख कधीच सापडणार नाही. कोणीतरी वाचून, आपल्या लेखात नीट संदर्भ दिला, तरच पुढचा माणूस तेथे पोचेल.

आपल्यापुरते

ज्या नांदेडात कुरुंदकर गुरुजींनी शिकविले, त्या गावात संदर्भाचे महत्त्व मी सांगावे हे थोडे धाडसाचेच आहे. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ला गुरुजींची पत्ररूप प्रस्तावना आहे. शिवचरित्राच्या कोणत्या साधनावर किती विसंबावे, याचा त्यांनी तीत केलेला खल आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. सालांचा मेळ बसतो का, हे आधी पाहावे, ही सवय मला अशा वाचनातूनच लागली असावी. वहिनींच्या लेखात माझा उपयोग झाला तो तेवढ्याचपुरता.

म्हणून मित्रहो, प्रकल्पासाठी वा निबंधासाठी यादी करताना चार गोष्टी पाळाव्यात असे सुचवितो. पुस्तक हातात असतानाच प्रकाशनवर्ष, आवृत्ती व पान टिपून ठेवावे. पद्धत कोणतीही घ्यावी, पण एकच घ्यावी. दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलेला उतारा असेल तर तसे स्पष्ट लिहावे. त्यात कमीपणा नाही. आणि न वाचलेले पुस्तक यादीत घालू नये. यादी आखूड झाली तरी चालेल. माझी या वर्षीची यादी अकरा पुस्तकांची आहे. गेल्या वर्षी ती चाळीसची होती.

वहिनींचा लेख कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा रवाना झाला. परीक्षकांचे पत्र परवाच आले आहे. मुलांच्या वयोगटांबद्दल आणि औषधाच्या वेळांबद्दल त्यात बरेच प्रश्न आहेत, आणि वहिनी लातूरला त्यांची उत्तरे लिहीत बसल्या आहेत. संदर्भांबद्दल मात्र त्या पत्रात एक अक्षरही नाही.